टिप्या खाली बसायचा

परवा मुलीने मोबाइलवर एक कुत्रा पाहिला. समुद्रात होडीच्या टोकावर उभा राहून तो वाऱ्याचा वास घेतो आणि ओर्का देवमाशांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा कुठे आहे ते दाखवतो. वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युएल वासर यांनी १९९७ पासून अशी कुत्री तयार केली. विष्ठा मिळाली की प्राणी नर की मादी, उपाशी आहे का, गाभण आहे का, सगळं कळतं. त्याला पकडावं लागत नाही, तो दिसावाही लागत नाही. आपल्याकडे २००८ पासून वनखात्यांची कुत्री शिकतात, पण ती मुख्यतः वाघा-बिबट्याची कातडी आणि हाडं हुंगून शिकारी पकडून देण्यासाठी. हवा तो वास सापडला की कुत्र्याने गप खाली बसायचं आणि बक्षीस म्हणून चेंडू घ्यायचा, अशी ती शिकवण.

"आपला टिप्यापण बसायचा ना?" तिने विचारलं.

बसायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि चेंडू त्याने जन्मात पाहिला नव्हता.

रांजणगावच्या देवळापासून आमची वस्ती लांब, रानात. आजोबांच्या काळी इथे बाजरी आणि माळ. तेव्हा भीती लांडग्याची. पाणी आलं तसा ऊस आला आणि उसात बिबट्या आला. टिप्या एरवी सगळ्यांवर भुंकायचा. कंपनीच्या बसवर, भाद्रपदात गणपतीला निघालेल्या पाहुण्यांवर, दुधाच्या गाडीवर. पण एखाद्या संध्याकाळी उसाच्या कडेला गेला की आवाज बंद. मागचे पाय दुमडून बांधावर बसायचा, नाक वर, कान मागे. ओढा, हाका मारा, भाकरी टाका, उठायचा नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. आईचं नाही, डॉक्टरचं नाही, आम्हा भावांचं तर नाहीच. टिप्या बसला की मात्र खांद्यावरचं खोरं खाली ठेवायचे. "आज नको. बसलाय तो."

एका थंडीत थ्री फेज लाईट रात्रीची होती. उसाला पाणी धरायला अण्णा आणि मी निघालो, टिप्या पुढे. तिसऱ्या बांधावर तो बसला. पाळी चुकली की पाणी पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही. मी बॅटरी घेऊन त्याच्या पुढे गेलो. तर तो सरपटत आला आणि त्याने माझ्या पँटचा काठ दातांत धरला. हे त्याने कधीच केलं नव्हतं. मी थांबलो. अण्णा ओल्या बांधावर त्याच्याशेजारी बसले, म्हणून मीही बसलो. सरीतलं पाणी कुठेतरी फुटून भलतीकडे चाललं होतं, त्याचा आवाज येत होता, आणि अण्णा उठले नाहीत.

लाईट जाईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. तेवढ्या वेळात अण्णा माझ्याशी जितकं बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले त्यांचे वडील, त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा, सुटलेली शाळा. मास्तर दोनदा घरी आले होते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आवाज शांत होता. एक हात सारखा टिप्याच्या पाठीवर.

सकाळी सरीच्या चिखलात पंजे उमटलेले होते. एक मोठा, आजूबाजूला दोन पिल्लांचे.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. २०१४ साली ते संशोधन छापून आलं. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मी हे वाचलं तेव्हा टिप्या गेलेला होता. एका पावसाळी रात्री अंगणातून गेला. भुंकला नाही. बसला असणार.

आई माळकरी. देवघर आहे म्हणून कुत्रं उंबऱ्याच्या आत नको, हा तिचा नेम. त्यावरून तिला घरात कुणी एका शब्दाने बोललं नाही. अण्णांनी तर नाहीच. पिंजरा लावा म्हणायला आलेल्या भावकीलाही त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. पुढे २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे आमच्याच तालुक्यात पिंपरखेडला लहान मुलं बिबट्याच्या हल्ल्यात गेली, तेव्हा पिंजऱ्याला नको म्हणणं अण्णांनी सोडलं. नातीला कडेवर घेऊन फिरायला लागले. ती कडेवर घेण्याच्या वयाची राहिली नव्हती तरी.

मुलीने मोबाइल खाली ठेवला आणि नवीन पिल्लू मागितलं. अण्णा काही बोलले नाहीत. आई तांदूळ निवडत होती.

"आणा," ती म्हणाली. "पण रात्री माझ्या खोलीत झोपेल. आत्ताच सांगून ठेवते."