ताम्रपर्णीच्या काठचा मळ्या

पहाटे साडेपाचला बेळगावच्या कॅम्पातून गाडी काढली. रस्त्यावर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान पळत होते, बाकी सामसूम. दादा, माझा मावसभाऊ, आदल्या रात्रीच निपाणीहून मुक्कामाला आला होता. त्याचं लहानपण वेदगंगेच्या काठावर गळ टाकण्यात गेलं. मरळ, वाम, चिलापी सगळं त्यानं धरलंय, पण खडस अजून हाताला लागला नव्हता. खडस म्हणजे आपल्याकडचा महसीर: पाठीवर सोनेरी झाक, तोंडाला मिशांच्या दोन जोड्या आणि रुपयाच्या नाण्याहून मोठे खवले. तो आता दिसेनासा होत चाललाय, म्हणून यंदा डिसेंबरात पाणी निवळल्यावर जायचं हे आमचं वर्षभर ठरलेलं होतं.

हिंडलगा मागं टाकून वेंगुर्ल्याचा रस्ता धरला. कॅम्प इथं रुजला त्यात या दिशेच्या वाटेचाही वाटा आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढं इंग्रजांची छावणी उभी राहिली. रेल्वे नव्हती तेव्हा वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल रामघाट चढून वर यायचा. पुढं आंबोलीचा घाट बांधला गेला, वाहतूक तिकडं वळली आणि रामघाट मागं पडला. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची छपरं बघताना मला आता हटकून तो चढ आठवतो, आणि तो चढणारे बैल.

शिनोळीला हद्द लागते. कन्नड पाट्या संपतात, मराठी सुरू होतात. आमच्या घरात या हद्दीविषयी बोलताना अजून आवाज चढतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका त्यातून वगळून कोल्हापूरला जोडला. म्हणजे आम्ही ज्याला आज परराज्य म्हणतो, तो माझ्या आजोबांच्या वेळी त्यांच्याच जिल्ह्यातला तालुका होता. कोर्टकचेरीला इथली माणसं बेळगावलाच यायची. बाजाराला अजूनही येतात.

हलकर्णीच्या पुढं डांबर सोडलं. उसाच्या ट्रॅक्टरांनी वाटेला अशा चाकोऱ्या पाडल्या होत्या की गाडीचा तळ दोनदा घासला. मग जांभ्या दगडाचा चढ आला, दोन्ही बाजूंना काजूच्या बागा. एका ओढ्यात चाक रुतलं. दादा खाली उतरला, दगड गोळा करून चाकाखाली घातले आणि पंधरा मिनिटांत आम्ही पलीकडं गेलो. पुढं वाट इतकी अरुंद होत गेली की गाडी एका खळ्याकडेला लावून शेवटचा अर्धा मैल चालत गेलो. भात कापून झालेल्या शेतांतून पाण्याचा आवाज आधी आला, नदी नंतर दिसली.

ताम्रपर्णी. चंदगडातून वाहते, कोवाडवरून पुढं जाऊन घटप्रभेला मिळते. डिसेंबरातलं तिचं पाणी असं नितळ होतं की डोहाच्या तळाचा दगडन् दगड मोजता यावा. दादानं गरीला पिकलं उंबर लावलं, कारण काठावरच्या झाडांची पाण्यात पडणारी फळं खडस आवडीनं खातो. मी कणकेवरच समाधान मानलं. दोन तासांत माझ्या गळाला दोन शिंगटी लागल्या. शिंगटी हातात धरली की ती कुरकुरते, आणि जपून धरली नाही तर तिचा काटा बोटात घुसतो. मला दुसरीचा घुसला. बोट ठणकत होतं तरी तिचा तो बारीक आवाज मी कानाजवळ नेऊन ऐकला आणि तिला पाण्यात सोडलं.

या माशांची नावं शास्त्राच्या पुस्तकात मराठीच आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला कर्नल दख्खनची पाहणी करत फिरला आणि १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची वर्णनं छापली. नावं देताना त्यानं स्थानिक नावंच उचलली. खडसाचं टॉर खुद्री, शिंगटीचं मिस्टस सिंगटी, मळ्याचं गारा मळ्या. कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या, दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या माशाला १९५२ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, त्यातही खवलचोर हा शब्द जसाच्या तसा आहे. ज्या कोळ्यांच्या तोंडून साइक्सनं हे शब्द ऐकले, त्यांची नावं मात्र त्या शास्त्रीय नावांत कुठंच नाहीत. मला ते लागतं.

खडसाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली गेली आणि दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली. कावेरीत हा मासा एवढा माजला की तिथला मूळचा कुबड्या महसीर नाहीसा होण्याच्या काठाशी आला. आपला मासा परमुलखात राज्य करतो, आणि इथं आम्ही त्याच्यासाठी अख्खी सकाळ डोहाकडं डोळे लावून बसलो होतो.

दुपारी म्हशी घेऊन एक म्हातारबुवा पाण्यावर आले. दादानं विचारलं, ‘मामा, खडस हाय का हो या डोहात?’

‘होता की. माझ्या हातायेवढा. मग पोरं सुरुंग लावायला लागली.’ त्यांनी धोतर खोचलं, धारेत उतरले, गुडघाभर पाण्यातला एक दगड हलकेच कलता केला आणि आम्हाला बोलावलं. दगडाच्या खालच्या अंगाला बोटाएवढा एक काळपट मासा चिकटून होता. पाणी जोरात वाहत होतं तरी तो तसूभर सरकत नव्हता. हनुवटीखालच्या चकतीनं त्यानं दगड पकडून ठेवला होता.

‘ह्यो बघा,’ म्हातारबुवा म्हणाले, ‘मळ्या.’

आणि दगड होता तसा परत ठेवला.