टायरची जन्मतारीख

टायरवर जन्मतारीख छापलेली असते. डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघायचे. आमच्या जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. पूर्ण कोड एकाच बाजूला असतो, आमचा नेमका आतल्या. फिनिक्सच्या उन्हात ट्रेलरखाली पाठीवर पडून, मोबाईलच्या उजेडात वाचला.

नक्षी मात्र नव्यासारखी. साताऱ्याहून आलेले बाबा म्हणाले, "अरे, गोटा कुठे झालाय? कशाला बदलतोस?"

जन्मभर स्कूटर चालवलेल्या माणसाचा हिशोब बरोबरच आहे. तिथे टायर झिजून संपतो. ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो. ऊन आणि ओझोन रबर कडक करतात, कडेला बारीक भेगा पडतात. आतल्या थरांची पकड सुटत असेल तर बाहेरून कळतही नाही. म्हणून ट्रेलरला पाच-सहा वर्षं पुरे धरतात. हायवेवर फुटला, तर सुटलेला पट्टा ट्रेलरचा तळ फाडतो. आणि पुढच्या गाडीत आई बसणार होती.

चार नवे घ्यायचं ठरलं. बाबांनी मनात डॉलरचे रुपये केले, गप्प बसले. दुकानात मात्र चष्मा लावून स्वतः वाकले. एक टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला.

"हा शिळा आहे," म्हणाले. बदलून घेतला.