इंजिनातलं लोणी

मुलांनो, लोणी कुठं मिळतं, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? ताकाच्या माठात, नाहीतर डेअरीच्या दुकानात. आमच्या गावाच्या तर नावातच लोणी आहे, लोणी काळभोर! पण मी एकदा लोणी पाहिलं ते चक्क एका मोटारीच्या इंजिनात. हसू नका, खरंच सांगते. आणि ते लोणी पाहून आमच्या अण्णांचा चेहरा असा गंभीर झाला, की विचारू नका.

आधी ओळख करून देते. मी प्राथमिक शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. पण खडूच्या आधी माझ्या हातात आला तो पाना. आमचे अण्णा डिझेल मिस्त्री. पुणे-सोलापूर रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज. लोणीत इंधन कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, त्यामुळे टँकरची इथं सदा वर्दळ. लहानपणी बारा-तेरा, चौदा-पंधरा हे आकडे मी पाढ्यांत नव्हे, पान्यांवर वाचायला शिकले.

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. त्या दिवाळीत गॅरेजची पाटी उतरवायची, असं अण्णांनी मनाशी ठरवलं होतं. नव्या गाड्यांचा दोष शोधायला संगणक जोडावा लागतो. "आपल्याला पाना कळतो, पडदा नाही कळत," असं ते म्हणायचे आणि गप्प व्हायचे. अशात एका दुपारी एका ट्रॅक्टरनं दोर बांधून एक गाडी ओढत आणली. मोतिया रंग, लांबलचक अंग आणि नाकावर तीन टोकांचा तारा. मर्सिडीज!

तुम्हाला वाटेल, जर्मन गाडी म्हणजे जर्मनीहूनच आली असणार. तर तसं नाही बरं का! १९९४ साली या कंपनीनं टेल्कोबरोबर भागीदारीत पुण्यात कारखाना काढायचं ठरवलं आणि १९९५ मध्ये पिंपरीत गाड्या तयार होऊ लागल्या. (पुढे २००९ मध्ये हा कारखाना चाकणला गेला.) दारात उभी होती ती पिंपरीत तयार झालेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकीच एक. मॉडेल १९९६ सालचं, पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन. वयानं माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण गाडीच्या जातीत पार आजीबाई.

मालक होते थेऊरच्या बाजूचे एक वयस्कर बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा म्हणाले, "मिस्त्री, गाडी तापते. एकानं सांगितलं इंजिन बदला. मुलगा म्हणतो भंगारात द्या. पण आमची मंडळी आजारी होती, तेव्हा तिची दवाखान्यात ने-आण याच गाडीतून केली हो. भंगारात कशी देऊ?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, तेल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून मला दाखवलं. झाकणाला आतून पिवळट पांढरं, मऊ लोणी लागलं होतं!

तेल आणि पाणी एरवी मिसळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण दोन्ही एकत्र जोरानं घुसळलं, तर असं घट्ट लोण्यासारखं मिश्रण होतं. आता इंजिनात घुसळायला कोण बसलंय? इंजिनच! खाली लोखंडाचा ठोकळा असतो, त्यात सिलिंडर. वर झाकणासारखं बसतं ते हेड. दोघांच्या मध्ये असते पातळशी हेड गॅस्केट. या एका पत्र्यात निरनिराळी भोकं असतात. कुठून तेल जातं, कुठून थंडाव्याचं पाणी, आणि सिलिंडरच्या भोकांत तर आगच. आग, पाणी आणि तेल असे तीन शेजारी, मधली भिंत कागदाहून थोडी जाड. ती भिंत फुटली की झालं! पाणी तेलात शिरतं आणि लोणी निघतं.

"हेड उतरवायला लागेल," अण्णा म्हणाले. मग त्या ताऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "हा तारा मी पोरवयात ट्रकवर बघितलाय."

तेही खरंच होतं. १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टाटांचे ट्रक मर्सिडीजच्या सहकार्यानं बनत आणि त्यांच्या तोंडावर हाच तारा असे. अण्णा गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले तेव्हा असले ट्रक रस्त्यावर धावत होते. त्यांचे उस्ताद त्यांच्याकडून तो तारा रॉकेलनं पुसून घ्यायचे. त्या ताऱ्याची मोटार मात्र अण्णांच्या हाताखाली पन्नास वर्षांत कधी आली नव्हती. नाही म्हणणं सोपं होतं. त्यांनी हो म्हटलं.

मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी हेल्पर. हेड उतरवायला दोन दिवस लागले. टायमिंगची साखळी इंजिनात खाली पडू नये म्हणून ती तारेनं वर बांधून ठेवली. मग हेडवर सरळ धारेची पोलादी पट्टी ठेवून अण्णांनी खाली फिलर गेजची पातळ पाती सरकवली. जिथं ती जायलाच नको, तिथं सरकन गेली. हेड वाकलं होतं!

लोखंडी ठोकळ्यावरचं हेड वाकतं कसं? तर हेड असतं अ‍ॅल्युमिनियमचं. एक मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी १०० अंशांनी तापवली, तर ती सुमारे २.३ मिलिमीटर वाढते. ओतीव लोखंडाची पट्टी वाढते त्याच्या निम्मीच. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक जण उन्हात फुगायला लागला तर काय होईल? ढकलाढकली! नेहमीच्या तापण्याचा हिशेब इंजिन करणाऱ्यांनी धरलेला असतो. पण गाडी भलतीच तापली की हेड कुठंतरी बाक काढतंच.

हडपसरच्या एका वर्कशॉपातून हेड घासून सपाट करून आणलं. नाना पेठेतल्या दुकानदारानं नवी गॅस्केट मागवून दिली. अण्णांनी जुनेच बोल्ट पुसून हाताच्या अंदाजानं आवळले. चाळीस-पन्नास वर्षांचा तो अंदाज! गाडी सुरू झाली, आबा खूश, पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी उरुळी कांचनजवळ गाडी पुन्हा तापली. पुन्हा तोच ट्रॅक्टर, तोच दोर आणि पुढच्या चहाच्या टपरीवर बसलेली सगळी माणसं बघतायत. झाकण उघडलं. लोणी!

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. "पैसे परत करतो आबांचे," एवढंच बोलले.

मला झोप येईना. गाडीच्या डिकीत टायरखाली एका पिशवीत दुरुस्तीचं जुनं इंग्रजी पुस्तक पडलेलं मी पाहिलं होतं. कुणी ते उघडलंही नव्हतं. मी शब्दकोश घेऊन बसले. माझं इंग्रजी काही फर्डं नाही, एका पानाला अर्धा तास. पण पहाटेपर्यंत दोन गोष्टी सापडल्या. एक, हे बोल्ट आवळताना मुद्दाम थोडे ताणले जातात, म्हणून परत वापरायच्या आधी त्यांची लांबी मोजायची आणि ठरावीक मर्यादेपेक्षा लांब झालेले फेकून द्यायचे. दुसरी, शेवटचा आवळ अंदाजानं नाही, कोनानं द्यायचा. आधी बेतानं आवळा, थोडं थांबा, मग एक काटकोन फिरवा, मग आणखी एक काटकोन.

सकाळी भीतभीतच अण्णांना वाचून दाखवलं. व्हर्नियरनं बोल्ट मोजले. त्यातले बरेच लांबलेले निघाले. अण्णा कितीतरी वेळ हातातला बोल्ट फिरवत राहिले. "हाताला तर घट्ट लागला होता," ते म्हणाले. त्याचंही कारण पुस्तकात वाचून समजलं. पान्याला लागणारा जोर बराचसा आट्यांच्या घर्षणातच खर्च होतो, त्यामुळे कोरडा बोल्ट खरोखर घट्ट होण्याआधीच घट्ट लागतो. हात खोटं बोलत नव्हता, पण त्याला सगळं कळतही नव्हतं.

नवे बोल्ट आले, नवी गॅस्केट आली. मी पुठ्ठ्याचा काटकोन कापला, चौथीच्या वर्गात कापते तसाच. खडूनं बोल्टांचा क्रम लिहिला, मधून सुरू करून बाहेर बाहेर जाणारा. वहीला कव्हर घालताना आपण मधून कडेला हात फिरवतो ना, सुरकुती राहू नये म्हणून? तसंच. अण्णा फिरवायचे, मी पुठ्ठा धरायची आणि झालं की बोल्टवर खडूची रेघ मारायची.

दुसऱ्या काटकोनाची फेरी अर्ध्यावर आली आणि माझा फोन वाजला. शाळेतून होता. मी दोनच मिनिटं बोलले. परत वळून बघते तर एका बोल्टवरची रेघ अर्धवट पुसलेली! ती पहिल्या फेरीची की दुसऱ्या? मला आठवेना. अण्णांनाही सांगता येईना, ते माझ्याच भरवशावर होते. पुन्हा फिरवावा तर तुटेल, तसाच ठेवावा तर गळेल. वर्गात "लक्ष कुठं आहे तुझं?" असं दिवसातून दहादा विचारणारी मी, खडू हातात धरून नुसती उभी.

मला वाटलं, आता रागावतील. अण्णांनी पाना खाली ठेवला, हात पुसले. "सगळे सैल कर," ते म्हणाले. "बाहेरून आत."

"सगळे? एकासाठी?"

"तो एक कोणता, ते ठाऊक असतं तर एकच काढला असता."

एकदा आवळलेली गॅस्केट चेपते, ती परत वापरायची नसते. म्हणजे पुन्हा नवी. तिचे पैसे मी माझ्या पगारातून दिले आणि चार दिवस वाट पाहिली. आबांना अण्णांनी फोनवर सगळं सांगितलं, माझ्या फोनचं सोडून! ते मीच नंतर आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तरीच म्हटलं, मिस्त्री इतका अडखळत का बोलतोय!"

या खेपेला फोन घरी ठेवला. प्रत्येक फेरीला वेगळ्या रंगाचा खडू. पांढरा, पिवळा, गुलाबी. शेवटची गुलाबी रेघ मारली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

परीक्षा मात्र अण्णांनी अवघड घेतली. भर मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून, गाडी दिवे घाटात घातली. आषाढीला ज्ञानोबांची पालखी चढते, तोच घाट. आबा पुढं, मी मागं, सगळ्यांचे डोळे एका काट्यावर. काटा ऐंशीच्या जरा वर गेला आणि तिथंच थबकला. एक वळण, दुसरं वळण. कुणी बोलेना. वर पोचलो तरी काटा तिथंच!

अण्णांनी गाडी सावलीला लावून इंजिन बंद केलं. रेडिएटरचं झाकण त्यांनी उघडलं नाही. मुलांनो, तापलेल्या गाडीचं ते झाकण तुम्हीही कधी उघडू नका, उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. त्यांनी फडक्यानं धरून तेलाचं झाकण तेवढं काढलं आणि उलटं करून आधी आबांना, मग मला दाखवलं. स्वच्छ काळं तेल. लोण्याचा ठिपका नाही.

आबा म्हणाले, "आता मला चालवू द्या." उतारावर ते इतक्या हळू चालवत होते, की मागचे टेंपोवाले हॉर्न वाजवून दमले.

दिवाळी आली नि गेली. पाटी अजून तिथंच आहे. माझा पुठ्ठ्याचा काटकोन तेलानं काळा होऊन पान्यांच्या फळीवर खिळ्याला लटकतोय. परवा एक टँकर आला हेडचं काम घेऊन. मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत अण्णांचा फोन.

"बाई, गुलाबी खडू संपलाय. येताना शाळेतून... नको, शाळेतून नको, दुकानातून घेऊन ये."