राक्षसाला विचारून पाहू

दिवाळीला लातूरची बहीण नांदेडला माझ्याकडे येते आणि तिच्याबरोबर तीन भाच्यांची फौज येते. फराळ दोन दिवसांत संपतो, पण लेकरांचा उत्साह संपत नाही. यंदा थोरल्याने एक जाडजूड पुस्तक नि वीस बाजूंचा फासा आणला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ गायगॅक्स आणि आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे, आणि घाव बसला की हुकला हे फाशाने ठरवायचे. गोष्ट सांगायचे काम वडीलकीच्या नात्याने माझ्याकडे आले.

पडका किल्ला, खोल्याखोल्यांतून राक्षस आणि शेवटी एक महाराक्षस! तासाभरात सातआठ मुडदे पडले. धाकटा भाचा बोलताना अडखळतो. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच थोरले दोघे तलवार चालवून मोकळे होत. तो नुसता फासा हातात घोळवीत बसे. तिसऱ्या खोलीत तो हळूच म्हणाला, “मामा, ह्याला मा-मारायचं कशाला? आधी इचारू की, इथं का राहतो म्हणून.”

थोरले खो खो हसले. मला मात्र रात्री झोप लागेना.

उठून मी सारी गोष्ट उसवली. किल्ला आमच्या जिल्ह्यातल्या कंधारचा केला. त्याचा खंदक मुलांनी पाहिलेला होता. कंधार ही राष्ट्रकूटांच्या काळची नगरी. तिथे एका प्रचंड मूर्तीचे भंगलेले अवयव सापडले आहेत, आणि ती मूर्ती क्षेत्रपालाची मानतात. म्हटले, हाच आपला महाराक्षस! तो राक्षस नसून गावाचा राखणदार आहे, हे मुलांनी शोधून काढायचे.

पण तपास लढाईइतका सोपा नसतो. लढाईत फासा चुकला तर घाव हुकतो, गोष्ट पुढे जातेच. तपासात खूणच सापडली नाही, तर गोष्ट जागीच बसते. दुसऱ्या संध्याकाळी पहिल्याच पावलाच्या ठशापाशी फाशावर दोन पडले आणि आम्ही अर्धा तास एकमेकांची तोंडे पाहत बसलो. मग मी नियम बदलला. नीट बघणाऱ्याला खूण दिसणारच. त्यात वेळ किती गेला नि कोण जागे झाले, एवढेच फाशाने सांगायचे. शिवाय महत्त्वाची गोष्ट कळायला तीन वाटा ठेवल्या: पावलाचा ठसा, फुटका शिलालेख आणि म्हाताऱ्या गुराख्याची बडबड. तलवारी काढून घेतल्या नाहीत, फक्त महाग केल्या. ज्याला मारले तो साक्ष देत नाही! थोरल्याने घाईने गुराख्यावर वार केला आणि एक वाट कायमची बुजवली.

राखणदाराला अखेर धाकट्यानेच ओळखले. सांगताना तो चारदा अडखळला, पण या वेळी मध्ये कोणी बोलले नाही. पुढची खूण त्याच्याच तोंडून यायची होती ना!

निघताना त्याने फासा माझ्या हातावर ठेवला. “मामा, पु-पुढल्या वर्षी उदगीरचा किल्ला घ्या.”

घेईन म्हणालो खरा. पण उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. तिथे लढाई टाळायची कशी, याच विवंचनेत सध्या मी आहे.