हाताचा अदमास

ग्रँट रोड स्थानकाजवळचा जो रस्ता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग असूनही लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच राहिला आहे, तेथील दुकानांतून सुट्या भागांचे खोके आणि पावत्या घेऊन मी घरी परतलो, तेव्हा आयते यंत्र विकत घेणाऱ्याची निश्चिंती माझ्यापाशी लवलेशही नव्हती. आणि तरीही, आपला संगणक आपल्याच हातांनी जोडायचा, या विचाराने मन विलक्षण प्रफुल्लित झाले होते.

जेवणाच्या मेजावर मी सारा सरंजाम मांडला: मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट. निरनिराळ्या कारखान्यांत, एकमेकांची वार्ताही नसलेल्या माणसांनी घडवलेल्या या वस्तू एकमेकींत तंतोतंत बसतात, यामागे मापांचा एक जुना करारमदार आहे. आयबीएमने 1981 साली आणलेल्या आपल्या वैयक्तिक संगणकाची अंतर्रचना छापून खुली केली, इंटेलने 1995 साली ‘एटीएक्स’ मांडणीत मदरबोर्डाचा आकार आणि स्क्रूंच्या भोकांच्या जागा नेमून दिल्या, म्हणूनच माझ्यासारख्या सामान्य गृहस्थाला एका स्क्रूड्रायव्हरच्या बळावर हे धाडस करता येते.

अंगातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श केला आणि प्रोसेसर उचलला. त्याच्या तळाशी 1331 सोनेरी पिना होत्या, इतक्या बारीक आणि दाट की दुरून मखमलच भासावी. सॉकेटची दांडी उभी करावी, कोपऱ्यावरचा इवलासा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि बोटे सैल सोडावीत. तो स्वतःच्या भारानेच जागी उतरतो. जोर येथे सर्वस्वी वर्ज्य. ते चार-दोन क्षण मी श्वासही घेतला नाही.

वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, तिच्यावर कूलर, मग 24 पिनांची जाडजूड केबल, असे करीत मध्यरात्री बटण दाबले. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. मदरबोर्डाच्या कडेला मेमरीच्या नावाचा तांबडा दिवा तेवत राहिला. संगणक जागा होताच आपल्या भागांची हजेरी घेतो, आणि जो ओ देत नाही त्याच्या नावापाशी थांबतो. दोष कोठे आहे हे यंत्रच सांगत होते. तो का घडला, हे मला उमगायचे होते.

प्रोसेसरने शिकवलेली भीती मी मेमरीलाही लावली होती. वीज तोडून, पट्टीच्या दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, या वेळी नेटाने दाबले. मदरबोर्ड किंचित लवला, काळजात धस्स झाले, आणि ‘खट्’ असा स्वच्छ आवाज होऊन चिमटा आपसूक मिटला. दुसऱ्या पट्टीलाही तसाच खटका बसला. मग पडद्यावर अक्षरे उमटली: प्रोसेसरचे नाव, मेमरी 16 जीबी.

कोठे हात आखडता घ्यावा आणि कोठे भार द्यावा, हे दोन्ही मदरबोर्डासोबतच्या पुस्तिकेत छापलेले होते, आणि मी ते वाचलेही होते. परंतु वाचलेले अंगठ्यांत उतरायला ती रात्र यावी लागली. वर्षभराने धूळ झाडण्यासाठी कॅबिनेट उघडले, तेव्हा बोटे न चाचरता, ओळखीच्या घरात वावरावे तशी आत गेली.