बिल्ला, दिवा आणि डबलसीट

सायकलीला बिल्ला लागत असे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. वर्षाचा कर भरायचा, धातूचा बिल्ला घ्यायचा आणि तो सायकलीला पक्का बसवून घ्यायचा. रात्री दिवा हवाच. एका सायकलीवर दोघांनी बसायचं नाही. अंधार पडला की पुण्यातल्या चौकाचौकांत पोलीस उभे राहत. ज्यांच्याकडे दिवा नसे ते लांबूनच पोलीस हेरून खाली उतरत, सायकल हातात धरून मुकाट्याने चौक ओलांडत आणि कोपरा वळला की पुन्हा टांग मारत. डबलसीट बसलेला मित्रही आधीच उतरून, जणू ओळखच नाही असा, दहा पावलं मागून चालत येई. आमच्या घरात आजोबांच्या, बाबांच्या आणि आत्याच्या गोष्टींमध्ये हा चौक हमखास यायचा.

या गोष्टी ऐकताना लहानपणी मजा वाटायची. आता वाटतं, तो बिल्ला आणि तो दंड हा सायकलीचा मान होता. कर भरणारं, नियम पाळणारं, रस्त्यावर हक्काची जागा असलेलं ते एक वाहन होतं. शहराच्या हिशेबात सायकल होती.

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. राहायला शनिवार पेठेत, वाड्यात. नवा पूल ओलांडून शिवाजीनगर, वाकडेवाडी आणि पुढे मुंबईच्या रस्त्याने खडकी, असा सहाएक किलोमीटरचा रस्ता. धोतर, वर कोट, डोक्याला काळी टोपी. धोतराचा काठ साखळीत जाऊ नये म्हणून पोटरीला पत्र्याची क्लिप लावलेली आणि डबा हँडलला अडकवलेला. सकाळी त्या रस्त्याने सायकलींचा लोंढाच जात असे. भोंगा व्हायच्या आत फाटकातून आत शिरायचं, म्हणून सगळ्यांचा वेग एकच. आजोबा सांगायचे की त्या गर्दीत जाताना कोण कुणाच्या शेजारी यायचं तेही ठरलेलं होतं. घरच्या अडचणी, मुलींची लग्नं, पगारवाढ, सगळं बोलणं पायडल मारता मारता होई. कुणाची सायकल पंक्चर झाली तर दोघे-तिघे थांबत.

त्यांची सायकल रॅले होती, नॉटिंगहॅमची. १९४७ साली खडकीहून मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या शिपायाकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. त्या काळी चांगली सायकल म्हणजे इंग्लंडचीच, रॅले नाहीतर बर्मिंगहॅमची बी.एस.ए. दर रविवारी सकाळी आजोबा ती अंगणात उलटी करून ठेवत. साखळी काढून रॉकेलमध्ये बुडवत, आरे एकेक करून पुसत, चाक फिरवून रिमला आउट आहे का ते डोळा बारीक करून बघत. दिवाळीच्या आधी ओव्हरऑईल ठरलेलं, पण ते मात्र दुकानात, कारण छर्रे बदलायचे असत. त्या सायकलीला आजोबांखेरीज कुणी हात लावायचा नाही. बाबांनाही ती कॉलेजात गेल्यावर मिळाली, तीही फक्त रविवारी दुपारी.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाड्यात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. घरातली माणसं वेळेवर निघाली आणि वाचली. भांडी, धान्य, कपडे, आजीचं गोधड्यांचं गाठोडं, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर जिन्याखाली चिखलात रुतलेली सायकल सापडली. दांडा वाकला नव्हता. आजोबांनी हब उघडले, आतला गाळ धुतला, छर्रे तेलात ठेवले, सगळं पुन्हा जोडलं. बाबा म्हणायचे, पूर आल्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं ते मागचं चाक मोकळं फिरलं तेव्हा. धरणंच गेल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. बाबांनी त्याच सायकलीच्या हँडलला दोन कळशा लावून, सायकल ढकलत, विहिरीवरून पाणी वाहिलं. घर पुन्हा उभं राहिलं त्यात त्या रॅलेचा वाटा मोठा होता, असं आमच्याकडे सगळेच मानत.

बाबांची स्वतःची सायकल अ‍ॅटलस. स्वातंत्र्यानंतर सायकली इथेच बनू लागल्या होत्या: मद्रासला १९४९ साली सुरू झालेल्या टी.आय. कंपनीची हर्क्युलस, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ पासून आणि लुधियानाची हीरो १९५६ पासून. बाबांनी पहिले काही पगार साठवून अ‍ॅटलस घेतली. त्या अ‍ॅटलसवर माझं सगळं बालपण गेलं. पुढच्या दांड्यावर माझ्यासाठी छोटं सीट बसवलेलं होतं, मागे कॅरिअरवर आई. शाळेत सोडणं, दळणाचा डबा, रेशनची साखर, ताप आलेल्या भावाला डॉक्टरांकडे नेणं, सारं तिच्यावर. पुढच्या सीटवर बसलं की बाबांचा श्वास डोक्यावर लागायचा, आणि चढ आला की तो जड व्हायचा. त्या श्वासावरून मला कळायचं की आता उतरावं. मी उतरायचे आणि शेजारी चालायचे. वडिलांच्या कष्टाची जाणीव मला तिथे झाली, आणि त्यासाठी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आत्याची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती हुजूरपागा शाळेतून मॅट्रिक झाली आणि पुराच्या पुढच्या वर्षी तिला फर्ग्युसन कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ व्हायची. लेडीज सायकल घ्यायची की नाही यावर घरात बरेच दिवस बोलणं चाललं होतं. वाड्यातल्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, मुलगी हाताबाहेर जाईल. निर्णय आजीने दिला. नऊवारी नेसणारी, स्वतः कधी सायकलीवर न बसलेली माझी आजी म्हणाली, "चालत आली तर दिवेलागणीनंतर येते. सायकलवर आली तर उजेडी येईल. माझ्या जिवाला घोर नको." झालं. सायकल आली. दांडा खाली वळवलेली, साडीचा पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, पुढे वेताची टोपली. आत्याने निऱ्या जरा वर खोचायच्या, पदर कमरेला घ्यायचा आणि निघायचं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिने वाड्यातल्या चार मुलींना सायकल शिकवली. त्यांतली एक त्याच काकूंची मुलगी होती. पुण्यात मुली नोकऱ्यांना लागल्या, बँकांत, टेलिफोन खात्यात, शाळांत, त्यामागे शिक्षण होतं हे सगळेच सांगतात. घरून कॉलेजपर्यंत आणि ऑफिसपर्यंत कुणाची वाट न बघता जाता आलं, हेही सांगायला हवं.

आम्हा मुलांचं शिकणं भाड्याच्या सायकलीवर झालं. पेठेत सायकल मार्ट असायचंच. मागच्या मडगार्डवर रंगवलेला नंबर, मालकाच्या वहीत नाव आणि वेळ. तासाचे काही आणे. लहान सायकल मिळाली नाही तर मोठीच घ्यायची, दांड्याखालच्या त्रिकोणातून पाय घालायचा आणि अर्धं पायडल मारत कडेकडेने जायचं. गुडघे फुटायचे. एकाने भाडं द्यायचं आणि तिघांनी शिकायचं, असा सगळा व्यवहार. कधीकधी मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे स्वार येताना बघायला आम्ही जायचो. बोरघाट आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणायचे आणि त्या माणसाला आम्ही एखाद्या क्रिकेटपटूइतकं मानायचो.

  

मग स्कूटर आली. आकुर्डीची बजाज चेतक आणि किनेटिकची लूना, दोन्ही १९७२ च्या. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लूनाला पायडलं होती, म्हणून आत्याला ती परकी वाटली नाही; पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता यायचं. बाबांची अ‍ॅटलस हळूहळू जिन्याखाली गेली.

पुणेकर आळशी झाले म्हणून सायकल गेली, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आजोबांचा कारखाना सहा किलोमीटरवर होता. माझ्या मुलीचं ऑफिस हिंजवडीला आहे आणि घर कोथरूडला. वाडे पडले, माणसं उपनगरांत गेली, कामं चाकण आणि हिंजवडीकडे गेली. अंतरं वाढली तशी सायकल मागे पडणारच. त्याचं मला दुःख आहे, पण राग नाही.

राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझी नात सहावीत आहे. तिची शाळा घरापासून दोन किलोमीटरही नाही. तिच्याकडे गिअरची छान सायकल आहे, हेल्मेट आहे, आणि ती सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरते. शाळेत ती व्हॅनकाकांबरोबर जाते. तिला बाहेरच्या रस्त्यावर पाठवायला आमच्यापैकी कुणाचंही मन धजत नाही. पुण्यात २००६ नंतर सातारा रस्त्याच्या आणि इतर बीआरटी (बससाठी राखीव) मार्गांच्या कडेने सायकल ट्रॅक बांधले गेले. आज त्यांच्यावर कुठे मोटारसायकली, कुठे पानाची टपरी, कुठे उघडं चेंबर. २०१७ साली भाड्याच्या सायकली मोठ्या कौतुकाने रस्त्यावर आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. रविवारी पहाटे खडकवासल्याला, सिंहगडाच्या पायथ्याला जाणारे सायकलस्वार बघून मला मनापासून आनंद होतो. पण ते उजाडायच्या आत जातात आणि रहदारी सुरू व्हायच्या आत परततात. दिवसाढवळ्या, कामाच्या वेळी, रस्ता सायकलीचा राहिलेला नाही.

३ जून हा जागतिक सायकल दिन. २०२० साली याच दिवशी साहिबाबादच्या कारखान्यातलं अ‍ॅटलसचं उत्पादन थांबलं. ती बातमी वाचून बाबा त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत.

तरी चित्र सगळीकडे असं नाही. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारकडून सायकली मिळतात. जालन्याकडे एका लग्नाला गेले होते तेव्हा सकाळी वस्तीवरून शाळेकडे निघालेल्या मुलींची रांग पाहिली. दोन वेण्या, पाठीला दप्तर, आणि एका सायकलीवर दोघी. डबलसीट! गाव सोडून पाच किलोमीटरवरच्या शाळेत रोज जाणं त्या सायकलींमुळेच त्यांना जमतं. माझ्या आत्याचं साठ वर्षांपूर्वीचं फर्ग्युसन त्यांना आज मिळतंय.

शहरातल्या मुलींनाही ते पुन्हा मिळायला हवं, आणि त्यासाठी आधी महापालिकेने आहेत ते ट्रॅक मोकळे करावेत. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाडी चालवताना डाव्या बाजूला सायकलवरचं मूल दिसलं, तर हॉर्न वाजवू नका. वेग कमी करा आणि त्याला आधी जाऊ द्या.