खोलीचे भाडे आणि वेळेचे मोल

हॉटेल म्हणजे रात्रीपुरता आसरा, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. महाबळेश्वरला जावे किंवा वेलंकनीच्या यात्रेला जावे. खोली स्वच्छ असावी, नळाला पाणी असावे आणि भाडे बेताचे असावे, एवढीच आमची अपेक्षा. दिवस तर बाहेरच काढायचा असतो. मग चार भिंतींसाठी जास्तीचे पैसे का मोजायचे?

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांबरोबर प्रवासाला निघालो, की हा हिशेब डळमळू लागतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून मुले अमेरिकेत गेली आहेत. आईवडील भेटीला आले, की ती मोठ्या हौसेने त्यांना फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड दाखवायला नेतात. तेथे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. उद्यानाच्या आवारातील महागड्या हॉटेलात उतरावे, की बाहेरच्या साध्या हॉटेलात? 2023 च्या नोव्हेंबरात आमच्या घरीही या प्रश्नावर दोन रात्री चर्चा चालली होती. आवारातील नामांकित हॉटेलांचे एका रात्रीचे भाडे पाचशे डॉलरच्या वर जाते, हे ऐकून मी निवृत्त शिक्षकाच्या सवयीने त्याचे रुपये केले आणि गप्प बसलो.

ही हॉटेले तेथे का उभी राहिली, याचा इतिहास मनोरंजक आहे. वॉल्ट डिस्ने यांनी 1955 साली कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे पहिले डिस्नेलँड उघडले, तेव्हा हॉटेल बांधण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी उरले नव्हते. शेजारचे ‘डिस्नेलँड हॉटेल’ बांधले ते जॅक रॅदर या दूरचित्रवाणी-निर्मात्याने. डिस्ने कंपनीला ते ताब्यात घ्यायला 1988 साल उजाडावे लागले. पाहता पाहता उद्यानाभोवती इतरांच्या खाणावळी व मोटेल यांची दाटी झाली आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्या गल्ल्यात जाऊ लागला. हा धडा घेऊन डिस्ने यांनी फ्लोरिडात निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी, गुप्तपणे, सुमारे 27,000 एकर जमीन घेतली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाएवढा हा विस्तार आहे. डिस्ने 1966 साली वारले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी उद्यान उघडले, तेव्हा त्याबरोबर कंपनीची स्वतःची हॉटेलेही उघडली. तेथे अंतर हीच विक्रीची वस्तू आहे, हे हा इतिहास वाचल्यावर ध्यानात येते.

बाहेरून मोटारीने येणाऱ्याला ‘मॅजिक किंग्डम’ या मुख्य उद्यानाच्या दाराशी थेट पोहोचता येत नाही. वाहनतळ तळ्याच्या अलीकडे आहे. तेथे गाडी ठेवायची, मग मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जायचे. याउलट तळ्याकाठच्या ‘कंटेम्पररी’ हॉटेलातून उद्यानाचे दार पायी दहा मिनिटांवर आहे. मोनोरेल तर त्या इमारतीच्या पोटातूनच धावते.

मात्र महाग हॉटेल घेतले म्हणजे सगळेच अधिक मिळते, असे नाही. उद्यान सर्वांसाठी उघडण्यापूर्वी अर्धा तास आत जाण्याची मुभा कंपनीच्या प्रत्येक हॉटेलातील पाहुण्याला असते, मग तो सर्वांत स्वस्त खोलीत का उतरलेला असेना. उद्यानाकडे जाणाऱ्या बसगाड्याही सर्वांना विनामूल्य आहेत. ठरावीक रात्री उशिरापर्यंत थांबण्याची सवलत तेवढी वरच्या श्रेणीच्या हॉटेलांना आहे. विमानतळावरून फुकट नेणारी बससेवा 2022 च्या आरंभी बंद झाली. रांग टाळण्याच्या सोयीचे पैसेही साधारणतः सर्वांनाच निराळे मोजावे लागतात.

आम्ही मध्यममार्ग काढला. तीन रात्री बाहेरच्या साध्या हॉटेलात आणि शेवटच्या दोन रात्री ‘कंटेम्पररी’त. पहिल्या मुक्कामाविषयी तक्रारीला जागा नाही. खोली ऐसपैस होती, न्याहारी भाड्यातच होती. पण पाच वर्षांचा आमचा नातू दुपारी एकच्या सुमारास पेंगुळला, की बोट, वाहनतळ, रस्ता हा सारा खटाटोप डोळ्यांसमोर येई. कोणी परतायचे नाव काढीत नसे. तो बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपे, आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेली आमची सौभाग्यवती एखाद्या बाकावर बसून सर्वांच्या पिशव्या राखी.

शेवटच्या दोन दिवशी मात्र दुपारी आम्ही सरळ चालत खोलीवर आलो. मुलगा आणि नातू गाढ झोपले. सूनबाई आणि सौभाग्यवती खाली तळ्याकाठी जाऊन बसल्या. सूनबाई परिचारिका आहे. या सहलीसाठी तिने कित्येक जादा रात्रपाळ्या केल्या होत्या, हे मला ठाऊक होते. म्हणूनच ते भाडे माझ्या जिवाला लागले होते. तिचे वडील 2021 च्या मे महिन्यात, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत, गावी वारले. तिला येता आले नाही. अंत्यविधी तिने मोबाइलच्या पडद्यावर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर रुजू झाली. अडीच वर्षांत तिने त्याविषयी आमच्यापाशी अवाक्षर काढले नव्हते. त्या दुपारी ती सासूजवळ बोलली. वडिलांच्या हातची केळीची बाग, त्यांचा आवाज, न दिलेली मूठभर माती, सारे बोलली. मी ते वरून, सज्जातून पाहत होतो. शब्द ऐकू येत नव्हते. पण तिचे खांदे हलत होते आणि सौभाग्यवतीचा हात तिच्या पाठीवर होता.

ही दुपार आम्हांला पैशांनी मिळाली, असे म्हणायला जीभ धजत नाही. पण पैशांशिवाय मिळाली असती का? घरी ती पाळीवरून येते तेव्हा आम्ही निजलेले असतो. आम्ही उठतो तेव्हा तिला झोपेची गरज असते. स्वयंपाक, शाळा, बँकेचे हप्ते यांतून दोन मोकळे तास एकत्र येतच नाहीत. आपण लग्नाच्या हॉलवर एका संध्याकाळीसाठी लाखभर रुपये उधळतो आणि त्याला कर्तव्य म्हणतो. मुलांनी थकल्या जिवांच्या विसाव्यासाठी दोन रात्री महागड्या घेतल्या, तर त्याला चैन म्हणण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

तरीही सरसकट सल्ला देणार नाही. सकाळी निघून मध्यरात्री परतणाऱ्या तरुण जोडप्याने त्या भाड्याला बळी पडू नये. न वापरलेल्या जवळिकीचे दाम कशाला मोजायचे? आवारातच राहायची हौस असेल, तर कंपनीच्या स्वस्त हॉटेलातही पहाटेचा अर्धा तास आणि बस मिळतेच. रविवारच्या मिस्सेसाठी ‘मेरी, क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ हे भव्य मंदिर ऑर्लँडोत आहे. पर्यटकांसाठीच उभारलेल्या या मंदिराला 2009 साली बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. पण ते आवाराबाहेर असल्याने गाडीची सोय हाताशी ठेवावी लागते, हेही हिशेबात धरावे.

ज्यांच्या सोबत लहान मूल आहे किंवा म्हातारे गुडघे आहेत, त्यांनी सर्व रात्रींचा हट्ट न धरता दोनच रात्री जवळच्या हॉटेलात काढाव्यात, आणि त्या दोन्ही दिवशी दुपारी निश्चयाने परत यावे. कर्ज काढून मात्र जाऊ नये. कर्ज फेडायला पुन्हा रात्रपाळ्याच कराव्या लागतात.